देस्बेलेचा उपास आणि कोल्क्वालचा चीक

कोल्क्वालच्या बुंध्यावर पहिला घाव घालण्यापूर्वी देस्बेले कुऱ्हाड जमिनीला टेकवीत असे, क्रुसाची खूण करीत असे आणि त्या झाडाशी दोन शब्द बोलत असे. "तुझी मुळं खडकात, माझं पोट तुझ्यात. राग धरू नकोस." हे शब्द त्याच्या बापाचे होते. बापाला ते कोणाकडून मिळाले, हे विचारावे असे देस्बेलेला कधी वाटले नाही. प्रार्थना वारशाने येते, तसे तेही आले होते.

अदी शिबा गावाच्या कड्यावर मूठभर माती सापडणे कठीण. जिथे गवताची काडी धीर सोडते, तिथे कोल्क्वाल उभा राहतो. बुंधा दोघांच्या मिठीत न मावणारा, आणि वर शंभर हिरव्या भुजा, सगळ्या आकाशाकडे उचललेल्या. पाहणाऱ्याला वाटावे, कोणी भक्ताने खडकात दीपमाळ रोवली आणि दिवे लावायचे तेवढे राहून गेले. प्रत्येक भुजेच्या धारेवर काट्यांच्या जोड्या. शेळी त्याला तोंड लावत नाही, वाळवी त्याच्या लाकडाला शिवत नाही. पण त्याच्या अंगावर नखाएवढी जखम झाली, की आतून शुभ्र चीक भळभळून येतो. दिसायला दुधासारखा, आणि अंगाला लागला तर निखाऱ्यासारखा. देवाने एकाच झाडाच्या ठायी एवढा आधार आणि एवढा दाह का ठेवला, ते देवच जाणे. अदी शिबाची माणसे त्याचा आधार डोक्यावर घेऊन निजत होती. घराच्या भिंती दगडाच्या, तुळया जैतुनाच्या, आणि तुळयांवर कोल्क्वालच्या हलक्या, पांढऱ्या फळ्या, माशाच्या काट्यासारख्या तिरप्या ओळींत बसवलेल्या. त्यावर काटक्या, चपटे दगड, शेवटी माती. असे छत घालणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता.

देस्बेले तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. उंच, किंचित वाकलेला, बोलण्यात कंजूष. त्याच्या कामाला घाई ठाऊक नव्हती. झाड ठरले, की वाऱ्याच्या उलट बाजूने बुंध्याशी खाच पाडायची आणि तीन दिवस झाडाला रिते होऊ द्यायचे. चीक वाळून सालीवर पापुद्रा धरला, की मगच तोडायचे. मग चिरलेल्या फळ्या पाच-सहा आठवडे सावलीत उभ्या. या कामात त्याचा जोडीदार म्हणजे त्याचा मेव्हणा कहसाय. देस्बेले जे शब्द वाचवीत असे, ते सगळे कहसाय खर्च करीत असे.

"दाजी, झाडाची एवढी विचारपूस करता," तो म्हणायचा, "कधी माझ्या बहिणीचीही करा."

"माझी कशाला करतील?" देस्बेलेची बायको लेतेकिदान भाकरी उलटता उलटता उत्तर द्यायची. "मला चिरून छपरावर घालता येत नाही ना."

देस्बेले हसायचा. हसला, की त्याचे डोळे पूर्ण मिटायचे. लोक म्हणत, या माणसाचे हसू त्याच्या पापण्यांत आहे.

त्या वर्षी मात्र ते हसू कोणाला दिसले नाही. आदल्या पावसाळ्यात गावातल्या मिकाएल देवदूताच्या देवळाचे छत गळले. देस्बेलेच्या बापाने घातलेले छत, चाळीस वर्षे थेंब न येऊ देणारे. आणि गळले तेही कुठे, तर आतल्या गाभाऱ्यात, जिथे पुजाऱ्याखेरीज कोणी पाऊल टाकत नाही. गावाने ठरवले, की पुढच्या पावसापूर्वी नवे छत व्हायचे. देस्बेलेने मान डोलावली. पंचावन्न दिवसांचा मोठा उपास लागला, त्या दिवशी तो पहाटेच देवळात गेला, दगडी उंबऱ्याचे चुंबन घेतले आणि मनातल्या मनात नवस बोलला. हे छत माझ्या हातून होणार आहे; तर पुनरुत्थानाच्या सणापर्यंत दुधाचा किंवा लोण्याचा थेंब माझ्या अंगाला शिवणार नाही. तोंडाला तर नाहीच, हातापायालाही नाही.

मोठ्या उपासात मांस, दूध, लोणी, अंडी गावात कोणीच खात नाही. दिवस उतरेपर्यंत पाणीही पीत नाहीत. पण अंगाला शिवू न देण्याचा नियम कोणत्याही पुजाऱ्याने सांगितलेला नाही. तो देस्बेलेने स्वतःच स्वतःवर घातला, आणि का घातला, ते बायकोलाही सांगितले नाही. लेतेकिदान रात्री त्याच्या फुटलेल्या टाचांना लोणी लावायला आली, तेव्हा त्याने पाय ओढून घेतला.

"टाच काय तोंड आहे?" ती म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला.

उपासाच्या पाचव्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, ते शेवटचे झाड तोडायला गेले. देवळाखालच्या उतारावरचा जुना कोल्क्वाल. तीन दिवस रिता झालेला, सालीवरचा चीक वाळून कोळ्याच्या जाळ्यासारखा धरलेला. कहसाय वरच्या अंगाला दोर धरून उभा राहिला. देस्बेलेने कुऱ्हाड टेकवली, खूण केली, शब्द बोलले आणि घाव घालू लागला. बुंधा अर्धा झाला असेल. तोच दरीतून वाऱ्याचा एक झोत वर आला. झाडाने अंग हलवले, आणि उंचावरची मांडीएवढी एक भुजा मोडून खाली आली ती देस्बेलेच्या शेजारच्या खडकावर. पाण्याने भरलेली पखाल आपटावी तशी ती फुटली. बुंधा रिता झाला होता. भुजा झाली नव्हती.

चीक त्याच्या तोंडभर उडाला. पन्नास वर्षांत जे कधी केले नव्हते, ते तेव्हा देस्बेलेच्या हातून झाले. चिकाने भरलेल्या हातांनी त्याने डोळे चोळले.

कहसायने त्याला पाठुंगळीला घेऊन घरी आणले. लेतेकिदानने घागर उचलली. घागर अर्धी होती. झरा खाली दरीत, जायला-यायला अर्धा दिवस. तिने होते नव्हते ते सगळे पाणी त्याच्या डोळ्यांवर ओतले, शेवटचा थेंब झटकून घातला, आणि देस्बेले दातावर दात धरून मातीच्या ओट्यावर पडून राहिला. डाव्या डोळ्यात कोणी तापलेली सुई फिरवीत आहे असे त्याला वाटत होते. उजव्यात आग होती, पण आगीच्या पलीकडे उजेड होता. त्याने पापणी किलकिली केली, तर दार दिसले, दारातला धूसर दिवस दिसला. डाव्यात काही दिसेना.

"अवेताशला बोलावते," लेतेकिदान म्हणाली.

शेजारच्या घरातली सून अवेताश. नवरा मेकेले शहरात गवंडीकामाला, घरात ती आणि तिची चार महिन्यांची मुलगी रिशान. डोळ्यात कोल्क्वाल गेला, की अंगावर पाजणाऱ्या बाईचे दूध घालायचे, हे अदी शिबात शेंबड्या पोरालाही माहीत असते. पाण्याने धुवायचे आणि दुधाने विझवायचे. अवेताश धावतच आली. बुनाचा, म्हणजे कॉफीचा, लहानसा कप तिच्या हातात होता, आणि पाठीवर चामड्याच्या झोळीत मुलगी.

"आबोय, मान मागे करा," ती वडिलांना म्हणावे तसे म्हणाली. "थोडं गार लागेल, एवढंच."

"काय आहे?"

"काय असणार? माझं दूध."

देस्बेलेने दोन्ही हात डोळ्यांवर दाबले. "नको, पोरी. दूध नको. सण होईपर्यंत नको."

मग सगळेच बोलू लागले.

"अहो, डोळ्यात घालायचंय!" लेतेकिदान म्हणाली. "प्या म्हणून कोण सांगतंय तुम्हाला?"

"आबोय, मी काय गाय आहे?" अवेताश म्हणाली. "गाईचं दूध वर्ज्य, शेळीचं वर्ज्य. माझं कुणी वर्ज्य केलं?"

"दाजी, हट्ट सोडा," कहसाय म्हणाला. "आंधळ्या माणसानं घातलेलं छत मी खालून धरणार नाही, सांगून ठेवतो."

तेव्हा देस्बेलेने नवस सांगितला. आणि नवसाचे कारणही, जे वर्षभर त्याच्या छातीत दगडासारखे होते. आदल्या वर्षी याच उपासात तो खालच्या बाजारात कुऱ्हाडीला धार लावून आणायला गेला होता. दिवसभराची चाल, पोटात कावळे. एका खाणावळीत मसुराचे कालवण मागितले. त्या कालवणात लोणी होते.

"मग त्यात तुमचा काय दोष?" कहसाय म्हणाला. "तुम्ही काय त्याच्या कढईत वाकून बघायचं होतं?"

"दुसऱ्याच घासाला कळलं होतं मला," देस्बेले म्हणाला. "तरी ताट पुसून खाल्लं."

"आणि पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी आलं," तो म्हणाला. "बापाचं छत. चाळीस वर्षं नाही, आणि त्याच वर्षी. या वेळी मी शब्द मोडणार नाही. केशी बाराकींना बोलवा. ते मोकळं करतील तर घालीन."

केशी बाराकी गावचे पुजारी, आणि देस्बेलेचे आत्म्याचे बाप. त्याची पापे त्यांच्याच कानावर पडत आली होती, हे एक सोडून. पण ते त्या दिवशी पलीकडच्या खोऱ्यात एका म्हाताऱ्याच्या अंत्यविधीला गेले होते. कहसायने शाल कमरेला गुंडाळली. "दोन तास उतरण, तीन तास चढण," तो म्हणाला. "तोवर तुमचा देव आणि तुमचे डोळे काय ते आपसांत ठरवू द्या." आणि तो गेला.

माणसाने देवाला दिलेला शब्द केवढा मोठा! आणि तोच शब्द हाती धरून माणूस देवाच्याच दारात कसा चुकतो! देस्बेले पडून होता. उपासाची प्रार्थना म्हणत होता, ज्वाला डोळ्यात उठली की शब्द विसरत होता, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होता. त्याला भीती नव्हती असे नाही. छत घालणाऱ्याचे डोळे गेले, तर त्याचे काय राहते, हे तो जाणत होता. तुळईवर उभे राहून फळीची तिरपी ओळ डोळ्याने साधायची असते. हातांना ते येत नाही. पण जितकी भीती वाढली, तितका तो नवसाला घट्ट धरीत गेला. हे दुःख म्हणजे मसुराच्या ताटाचे उत्तर आहे, असे त्याला वाटले. ते पूर्ण भोगले तर हिशेब मिटेल, असेही वाटले.

लेतेकिदान रागाने घरभर भांडी आपटत होती. मग तेही थांबले. बाहेर ऊन चढले. त्याला माशा ऐकू येत होत्या, कुंपणापलीकडे कोणाच्या तरी गाढवाचा खूर ऐकू येत होता. आणि एका लहान मुलाचे रडणे. आधी ते दूरचे वाटले, मग जवळचे. आधी ते रागाचे होते. मग त्यातला राग गेला आणि नुसती धार उरली. मग धारही बारीक होत गेली, जसा झरा आटताना होतो.

"पोर का रडतंय?" त्याने विचारले.

"भूक लागली असेल," लेतेकिदान म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता.

"मग आई कुठं गेली तिची?"

"कुठं जाईल? सकाळपासून तुमच्या उंबऱ्यात बसलीय."

देस्बेलेने मान वळवली. उजवा डोळा कष्टाने उघडला. उजेडात एक आकृती होती, गुडघ्यावर एक गाठोडे होते, आणि गाठोडे हलत होते.

"पाजत का नाहीस तिला?"

"पाजलं तर तुमच्यासाठी काय उरेल, आबोय?" अवेताश म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, सांगणे होते. "मलाही उपास आहे. या उन्हात माझ्या अंगात दूध असं किती. वाटीभर साठतं. ते धरून ठेवलंय. तिला सातूचं पाणी बोळ्यानं चाटवून बघितलं, तिनं थुंकून टाकलं."

"मी तर नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत. पण मला वाटलं, माणूस आहे. आता नको म्हणाला, घटकेनं हो म्हणेल. तेव्हा माझ्याकडे नसलं तर?"

हे ऐकले मात्र, आणि देस्बेलेच्या अंगातून काहीतरी निघून गेले. सकाळपासून तो समजत होता, की हा जाळ मी एकटा सोसतो आहे, माझ्या पापाचा, माझ्या शब्दाचा. भिंतीला पाठ लावून एक बाई बसली आहे, तिची छाती दुधाने दुखते आहे, आणि तिच्या मांडीवरचे चार महिन्यांचे पोर त्याच्या नवसापायी उपाशी आहे, हे त्याला दिसलेच नव्हते. दोन्ही डोळे धड असते, तरी दिसले नसते. अरे देवा, उपास कोणाचा, आणि उपाशी कोण! ज्या परमेश्वराने त्या पोराच्या तोंडी आईचे दूध लावून दिले, त्याच्या नावाने मी ते तोंड बांधून ठेवले!

तो उठून बसला. "आधी तिला पाज," तो म्हणाला.

"आधी तुम्हाला."

"मी म्हणतो, आधी तिला. मग मला घाल. सगळं नको, उरेल ते."

"उरत नसतं, आबोय. पोरगी उरू देते होय?"

"आधी तिला!"

"बरं, ऐका," अवेताश म्हणाली. "एक बाजू तिची, एक बाजू तुमची. झाली वाटणी. आता भांडू नका."

लेतेकिदानने आपली शाल आडवी धरली. शालीआड रडणे थांबले, असे थांबले, की घरातली हवाच हलकी झाली. चपचप आवाज येऊ लागला. थोड्या वेळाने अवेताशचा हात कप घेऊन शालीबाहेर आला. लेतेकिदानने नवऱ्याचे डोके मांडीवर घेतले आणि कापसाच्या बोळ्याने एकेक थेंब पापणीखाली सोडला. देस्बेलेच्या ओठांवर प्रार्थना नव्हती. दुधाखालून पाणी वाहत होते, आणि ते चिकामुळे आलेले होते, असे कोणी म्हटले असते तर त्याने नाकारले नसते.

सावली सात पावलांची झाली, उपास सोडायची वेळ आली, तरी घरात कोणी ताटाला हात लावला नाही. त्यानंतर बऱ्याच वेळाने कहसाय केशी बाराकींना घेऊन आला. दोघेही धुळीने पांढरे. देस्बेले चाचपडत ओट्यावरून उतरला आणि त्यांच्या पायांशी वाकला.

"शब्द मोडला, केशी."

"कधी?"

"दुपारी. तुमची वाट न बघता."

पुजाऱ्यांनी सगळे ऐकले. मसुराचे ताट ऐकले, नवस ऐकला, उंबऱ्यातली बाई ऐकली. मग हातातला लाकडी क्रूस त्यांनी त्याच्या कपाळाला आणि दोन्ही पापण्यांना लावला, आणि खाली बसले.

"मसुराचं प्रायश्चित्त देईन," ते म्हणाले. "ते पाप आहे. वर्षभर लपवलंस, ते त्याहून मोठं. पण मला हे सांग, डोळ्याला दूध वर्ज्य आहे असं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. माझं मीच."

"म्हणजे देवानं न सांगितलेला नियम तू देवाच्या नावावर घातलास. आणि वर मला बोलावलंस, तो सोडवायला. मी म्हातारा माणूस, पाच तास चाललो." त्यांनी श्वास घेतला. "दुपारी तू काही मोडलं नाहीस, देस्बेले. सकाळी ही पोर कप घेऊन दारात आली आणि तू हात आडवे केलेस ना, तेव्हा मोडलंस."

"आणि तू गं, बाळंतीणबाई?" पुजारी अवेताशकडे वळले. "अंगावर पोर असताना हा कडक उपास तुला कोणी सांगितला?"

"सगळं गाव धरतं, केशी," ती म्हणाली.

"सगळं गाव माझ्याहून धर्मनिष्ठ झालंय," ते म्हणाले. "उद्यापासून सकाळी भाकरी खायची. आणि हिला ती भाकरी," त्यांनी बोट देस्बेलेकडे केले, "हा पोचवील. रिशान स्वतःच्या पायांवर चालत याच्या दारात येईपर्यंत, रोज. हे आजचं प्रायश्चित्त. मसुराचं वेगळं."

डावा डोळा गेला. त्यावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा पडदा आला आणि तो कायमचा राहिला. उजवा महिनाभर पाण्यातून पाहिल्यासारखा पाहत होता, मग निवळला. तो दुधाने वाचला, की अर्ध्या घागरीच्या पाण्याने, की मुळातच त्यात चीक कमी गेला होता, याचा वाद गावात बरीच वर्षे चालला. डावाही सकाळीच विझवला असता तर राहिला असता का, हे कोणी त्याच्यासमोर विचारले नाही. देस्बेलेने ते स्वतःला विचारले असेल. त्याने कधी सांगितले नाही.

भाकरी मात्र त्याने पोचवली. उपास संपला, सण झाला, तरी रोज सकाळी टोपलीखाली झाकलेली गरम भाकरी आणि त्यावर पिठल्यासारखे दाट शिरो घेऊन तो कुंपणाच्या फटीतून शेजारी जायचा. पहिल्या दिवसांत लेतेकिदान त्याचा हात धरून न्यायची. एका डोळ्याच्या माणसाला अंतर समजत नाही. तो टोपली ओट्यावर ठेवायचा, तर ती ओट्याच्या अलीकडेच सुटायची.

"आबोय, भाकरी मला द्यायचीय, जमिनीला नाही," अवेताश म्हणायची.

सणानंतर, फळ्या वाळल्यावर, देवळाचे छत त्यानेच घातले. कहसाय तुळईवर उभा राहून सांगायचा, "दोन बोटं डावीकडं, दाजी. आता एक बोट. अहो, तुमचं बोट नको, माझं धरा, माझं बारीक आहे!" आणि देस्बेले वितीने मोजून, तळहाताने चाचपून फळी बसवायचा. जिथे पूर्वी एका दिवसात काम व्हायचे, तिथे चार दिवस लागले. पावसाच्या आधी छतावर माती पडली. त्या छताची त्याने कधी बढाई मारली नाही.

त्यानंतर तो अठरा वर्षे जगला. झाडे तोडली, छते घातली. पण एक गोष्ट त्याने नवी धरली, आणि ती त्याने कोणाला विचारून धरली नव्हती, तरी या वेळी पुजारी हसून गप्प बसले. कोणी झाड दाखवायला बोलावले, की तो आधी बुंध्याकडे जात नसे. आधी विचारायचा, "वाडीत अंगावर पाजणारी बाई आहे का? घरात आहे का आज? तिला सांगून ठेवलंय का? आणि पाणी किती?" भरलेल्या चार घागरी झाडापाशी आणून ठेवल्याखेरीज त्याची कुऱ्हाड जमिनीला टेकत नसे. त्या बाईच्या घरी तो स्वतः जायचा, दारातच उभा राहून सांगायचा, आणि जाताना तिच्यासाठी भाकरी ठेवायचा. काम निर्विघ्न पार पडले, तरी भाकरी तिचीच.

लोकांना आधी हसू आले. "म्हाताऱ्याला झाड दाखवा म्हटलं, तर तो बाळंतिणी मोजतो," असे बाजारात म्हणत. लेतेकिदानला बायका विचारायच्या, "काय गं, नवरा वाडीवाडीच्या लेकुरवाळ्या बायकांची चौकशी करतो म्हणे?" ती म्हणायची, "एकच डोळा उरलाय, तेवढा बघू दे की." हळूहळू हसू गेले आणि रीत राहिली. आता त्या कड्यावर कोणी कोल्क्वाल तोडायला निघाले, तर हे प्रश्न आधी होतात.

तो गेला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. वरच्या वाडीतल्या अस्फाहाने त्याला बोलावले. अस्फाहा भरल्या घरचा माणूस, मुलासाठी नवे घर बांधत होता. झाड उत्तम, सरळ, तीन दिवस रिते केलेले. पाऊस महिना-दीड महिन्यावर. देस्बेले आला, काठीवर भार देऊन उभा राहिला आणि विचारू लागला.

"पाजणारी बाई?"

"कुठली, आबोय? वाडीत सगळ्या म्हाताऱ्या. माझी सून आहे, तिला बाळंत व्हायला अजून तीन महिने आहेत."

"पाणी?"

"एक घागर. झरा आटलाय. पण आता तुमचे हात सराईत, वारा नाही, काही होणार नाही."

देस्बेलेने मान तिरकी करून, उजवा डोळा पुढे आणून झाडाकडे पाहिले. वर, त्या उचललेल्या भुजांकडे. बराच वेळ पाहिले. मग कुऱ्हाड खांद्यावर घेतली.

"तीन महिन्यांनी बोलाव," तो म्हणाला.

"तीन महिन्यांनी? मध्ये पावसाळा आहे! खाचेत माती भरतो, झाड थांबेल, आबोय, पण पाऊस थांबेल का? पोराचं घर गळेल!"

"गळू दे. खाली भांडं ठेव."

अस्फाहा रागाने काहीबाही बोलत त्याच्या मागे चार पावले आला. देस्बेले थांबला नाही. डावीकडे कडा होता, त्या बाजूचे त्याला दिसत नव्हते, म्हणून तो उजव्या हाताने खडक चाचपीत, सावकाश, एकेक पाऊल तपासून टाकीत उतरू लागला.